बार्बा येर्कोचा आरपार वारा

बार्बा येर्को (बार्बा म्हणजे आमच्याकडे काका) समुद्राला घाबरत नाही. उभं आयुष्य त्यानं मालवाहू जहाजांच्या इंजिनघरात काढलं. एकदा म्हणे जहाज वादळात एका अंगावर कलंडलं होतं आणि हा पठ्ठ्या खाली ताटली गुडघ्यांत धरून निवांत बटाटे खात बसला होता. तो पोलिसांना घाबरत नाही, कर गोळा करणाऱ्यांना घाबरत नाही, आणि ऐन जुलैत, आमच्या स्प्लिटच्या बंदरावर पर्यटकांनी भरलेली व्हॅन मागे घ्यायलाही घाबरत नाही. पण एखाद्या खोलीत दोन खिडक्या समोरासमोर उघड्या दिसल्या, की त्याचा चेहरा चुना फासल्यासारखा पांढरा होतो.

या समोरासमोरच्या खिडक्यांतून जो आरपार वारा जातो त्याला आमच्याकडे प्रोपुह म्हणतात. प्रोपुहला न घाबरणारा माणूस मला या किनाऱ्यावर अजून भेटायचाय. मान आखडली? प्रोपुह. दात ठणकला? प्रोपुह. तोंड वाकडं झालं, मूत्रपिंड दुखलं, सासू कायमची राहायला आली, या सगळ्याच्या मुळाशी कुठेतरी कोणीतरी एक खिडकी उघडी ठेवलेली असते. मीही घाबरतो. पण मी घाबरतो ते चारचौघांसारखं. बार्बा येर्को घाबरतो ते सशासारखं, कान टवकारून, दिवसभर.

गंमत म्हणजे वाऱ्याशी त्याचं वैर नाही. उत्तरेच्या डोंगरावरून वारा सुटतो, कौलं उडतात, बंदरातल्या होड्या दाव्याला हिसके देतात, तेव्हा हा शर्टाची बटणं सोडून धक्क्यावर फेऱ्या मारतो.

"तो तोंडावर येतो रे, बेपो," तो मला म्हणतो. "मर्दासारखा. प्रोपुह मागून येतो. चोर आहे तो, चोर!"

आम्ही दोघंही रोमन सम्राटाच्या राजवाड्यात राहतो. यात मिरवण्यासारखं काही नाही. त्याच्या भिंतींतच आमचं जुनं गाव वसलंय, पुष्कळ जण राहतात, आणि वरच्या मजल्यावरचा नळ गळायला लागला की सम्राटाची काडीची मदत होत नाही. माझी खिडकी आणि बार्बाची खिडकी यांच्यामध्ये इतकी अरुंद गल्ली आहे की मीठ संपलं तर हात लांब करून मागता येतं. मात्र त्याआधी बार्बा स्वतःच्या घराची बाकी सगळी दारं-खिडक्या लावून येतो, मगच ही एक उघडतो. तोवर माझं कालवण थंड होतं.

निवृत्त झाल्यावर त्यानं जुनी व्हॅन घेतली आणि पर्यटक फिरवू लागला: सोलिनचे पडके रोमन अवशेष, क्लिसचा किल्ला, शेवटी ट्रोगिर. सुरुवात अर्थात राजवाड्यापासून. गळ्यात मफलर गुंडाळून (उन्हाळ्यात!) तो चौकात उभा राहतो आणि सांगतो, "सम्राट शहाणा होता. भिंती बघा केवढ्या जाड. पण चूक एकच झाली. चार भिंतींना चार दरवाजे ठेवले, तेही अगदी समोरासमोर."

"मग?" एखादी बाई विचारते.

"मग काय. मेला."

पर्यटक माना डोलावतात. काही जण टिपूनही घेतात.

आता हसायची गोष्ट झाली. न हसायची एवढीच, की येर्कोला एक धाकटी बहीण होती. पाळण्यात होती तेव्हा तिला न्यूमोनिया झाला, आणि ती गेली. त्या सकाळी आईनं अंथरुणं झटकायला दोन्ही खिडक्या उघडल्या होत्या. आई पुढं खूप जगली आणि मरेपर्यंत त्या दोन खिडक्यांबद्दल बोलत राहिली. खिडक्यांचा दोष नव्हता, हे कोणत्याही डॉक्टरनं सांगितलं असतं. पण पोरगं जे जेवणाच्या टेबलावर रोज ऐकतं ते डॉक्टरला विचारत नाही.

बार्बाची एकुलती एक मुलगी नेवेना. नोकरीसाठी नॉर्वेला गेली आणि तिथल्या एका होड्या बांधणाऱ्या सुताराशी लग्न करून बसली. त्याचं नाव स्वेरे. उंच, गुलाबी, शांत माणूस. आमची भाषा एकेक शब्द रंधा मारून काढल्यासारखी बोलतो. लग्नानंतर दोघं नाताळात इथं आली. स्वेरे घरात अनवाणी फिरायचा आणि बार्बा त्याच्यामागं सपाता घेऊन. तिसऱ्या दिवशी स्वेरेनं सकाळी उठून, नॉर्वेतले लोक उठतात तसं, घराच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. बार्बानं त्याला खुनी म्हटलं. नेवेनानं बॅगा भरल्या. दीड वर्ष ती आली नाही.

मग मुलगी झाली, रूना. नेवेनानं फोनवर तिचा फोटो पाठवला. बाबागाडी बाहेर अंगणात, भोवती बर्फ, आणि आत पोर गाढ झोपलेली. बार्बा फोन घेऊन माझ्या खिडकीशी आला.

"बेपो, हे बघ. त्यांनी तिला बाहेर टाकलंय."

"तिकडं तशीच झोपवतात, बार्बा. हवेशीर असतं म्हणे."

"हवेशीर!" असं म्हणून त्यानं फोन पालथा ठेवला आणि दिवसभर उलटला नाही.

जुलैच्या आरंभी नेवेनाचा फोन आला. आम्ही येतोय, रूनाला सगळं दाखवायचंय, तू फिरव आम्हाला. पण एक अट. "बाबा, तो शब्द मी ऐकणार नाही. एकदा जरी तुझ्या तोंडून प्रोपुह निघालं, तर दुसऱ्या दिवशीच्या विमानानं आम्ही परत. मग नात फोनमध्येच बघ."

बार्बानं कबूल केलं. दुसरं काय करणार? मग खिडकीतून मला म्हणाला, "बेपो लेका, तू पण चल. माझ्या शेजारी बस. मी तो शब्द बोलायला लागलो की लाथ मार."

"जोरात?"

"बायकोची बहीण समजून मार."

फिरायला जायच्या आदल्या दुपारी सगळं गाव झोपलेलं असताना हा व्हॅनमध्ये स्क्रू-ड्रायव्हर घेऊन वाकलेला दिसला. "काय दुरुस्त करतोयस?" मी विचारलं. तो दचकला. "दुरुस्तच करतोय," म्हणाला. माणूस एवढ्या घाईनं खरं बोलत नाही, पण मला झोप आली होती.

सकाळी निघालो. पुढं बार्बा आणि मी, मागं नेवेना, स्वेरे आणि मध्ये खुर्चीत बांधलेली रूना. सात-आठ महिन्यांची, डोळे निळे, पाय उघडे. ते उघडे पाय बघून बार्बानं स्टिअरिंग असं घट्ट धरलं की मी लाथ तयार ठेवली.

नेवेनानं काचेचं बटण दाबलं. "बाबा, काच खाली येत नाही."

"बिघडलीय. मेस्त्री सुटीवर आहे."

"सगळ्याच?"

"एकाच मेस्त्रीनं बसवल्यात."

"मग एसी लाव."

"त्यातला गॅस गेला."

"अरे, मग हवा कुठून यायची?"

"आत आहे की भरपूर," बार्बा म्हणाला.

सकाळची वेळ होती, ऊन चढलं नव्हतं. सोलिनला मोडक्या थडग्यांमधून स्वेरे रूनाला खांद्यावर घेऊन फिरला आणि बार्बा त्याच्या डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, जिकडून वाऱ्याची झुळूक येईल तिकडं जाऊन उभा राहायचा. सूर्यफूल उन्हाकडे वळतं तसा हा रुंद माणूस वाऱ्याकडे वळत होता. स्वेरेला वाटलं, सासऱ्याला आपली सोबत आवडायला लागली. तो प्रेमानं म्हणाला, "तुम्ही खूप जवळ. छान."

पण खरी परीक्षा क्लिसला. डोंगराच्या धारेवर किल्ला, आणि आत शिरायला एकामागं एक दरवाजे, दगडी कमानींचे. बाहेर भट्टी, कमानीत मात्र वारा असा आरपार वाहतो की माठातलं पाणी प्यायल्यासारखं वाटावं. स्वेरेला ती जागा फार आवडली. तो कमानीच्या बरोब्बर मध्ये, गार दगडावर बसला, पोरीचा सदरा काढला, आणि तिला उघडी मांडीवर घेऊन बाटलीनं दूध पाजायला लागला.

मी आयुष्यात बरीच घाबरलेली माणसं पाहिलीत. दात काढून घ्यायला बसलेली, लग्नाला उभी राहिलेली. पण बार्बाच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होतं ते मी पाहिलं नव्हतं. ओठ हलत होते. 'प्रो' एवढं बाहेर आलं आणि मी लाथ मारली.

"प्रो... प्रोहिबिटेड आहे का इथं बसणं, ते बघून येतो," तो कसाबसा म्हणाला, आणि कमानीच्या वाऱ्याकडल्या तोंडाशी जाऊन दाराच्या फळीसारखा उभा राहिला. हात कमरेवर, कोपर भिंतींना टेकलेले. पर्यटक मागून यायचे, "जरा वाट" म्हणायचे. हा हलेना. फ्रेंच लोकांचा एक सबंध जथा त्याच्या काखेखालून गेला.

"बाबा, काय करतोस?" नेवेनानं विचारलं.

"देखावा बघतोय."

"देखावा तुझ्या मागं आहे."

"मला माहीत आहे कुठं आहे," तो म्हणाला. त्याच्या मानेवरून वारा वाहत होता, मफलर घरी ठेवलेला, आणि कपाळावर घाम. पण पोरीचं दूध संपेपर्यंत तो तसूभर हलला नाही. मला हसायला येत होतं आणि येतही नव्हतं.

दुपारी आम्ही किनाऱ्याच्या जुन्या रस्त्यानं ट्रोगिरकडे निघालो, आणि अडकलो. उन्हाळ्यात त्या रस्त्यावर अडकणं नवं नाही. पुढं बस, मागं शीतपेयांचा ट्रक, एका बाजूला घरांची कुंपणं. गाडी दोन हात सरकायची आणि थांबायची. व्हॅनचा पत्रा तापला. शर्ट पाठीला चिकटला. रूना रडायला लागली, मग जोरानं रडायला लागली.

"बाबा, काहीतरी कर ना!"

"आत्ता सुटेल," बार्बा म्हणाला. "त्या वळणापुढं मोकळं आहे." वळण आलं, गेलं. पुढं मोकळं नव्हतं.

मग रूना गप्प झाली.

"झोपली," स्वेरे म्हणाला. आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, मीसुद्धा. बार्बानं आरशात पाहिलं. तो पाहतच राहिला. पुढची बस सरकली तरी आमची गाडी हलली नाही. मागचा ट्रक हॉर्न वाजवू लागला. मी आरशात डोकावलो. पोरीची मान एका बाजूला पडली होती, तोंड थोडं उघडं, आणि गाल पिकलेल्या टोमॅटोसारखे लाल. घाम मात्र नव्हता.

नेवेनानं तिच्या कपाळाला हात लावला. "रूना? रूना! बाबा, थांबव गाडी!"

"थांबलेलीच आहे," मी म्हणालो. भीती वाटली की माझ्या तोंडून मूर्खासारखं खरं निघतं.

बार्बा तोवर खाली उतरला होता. सत्तरीचा माणूस इतक्या चपळाईनं हलू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. त्यानं मधलं सरकतं दार उघडलं, मागचं दार उघडलं, धावत पलीकडे येऊन माझं दार उघडलं आणि मला कॉलर धरून बाहेर काढलं, कारण मी वाटेत होतो. वाऱ्याच्या. मग आत वाकून हवेच्या जाळ्यांत बोटं घातली आणि ओढायला लागला. आतून लोकरीचा मोजा निघाला. दुसऱ्या जाळीतून दुसरा. लाल पट्ट्यांचे, जाड, त्याच्या कैलासवासी बायकोच्या हातचे. मग खिशातून एक चिमुकला फ्यूज काढून त्यानं डॅशबोर्डखाली खुपसला, आणि सगळ्या काचा एकदम खाली गेल्या.

नेवेना मोज्यांकडे बघत होती.

समुद्राकडून वारा आला. व्हॅनच्या एका अंगानं शिरला आणि दुसऱ्या अंगानं निघाला. एवढा मोठा, एवढा सरळ, एवढा बिनधास्त आरपार वारा त्या किनाऱ्यावर कोणी मुद्दाम बोलावला नसेल. पोर हलेना.

कुंपणापलीकडे काळा एप्रन बांधलेली एक म्हातारी भोपळ्याच्या वेलांना पाईपनं पाणी घालत होती. तिनं आमच्याकडे पाहिलं आणि पाईप टाकून ओरडली, "अहो, अक्कल गहाण ठेवलीत का? तापलेलं लेकरू आणि सगळी दारं सताड! प्रोपुह लागेल ना पोरीला!"

बार्बा वळला. "लागू दे!" तो इतक्या जोरात ओरडला की ट्रकवाल्यानं हॉर्न थांबवला. "प्रोपुह पाहिजे! आणखी पाहिजे! तुझ्याही खिडक्या उघड, बाई, आणि तो पाईप इकडं दे!"

म्हातारीनं छातीवर क्रूस काढला, पण पाईप दिला. नेवेनानं रुमाल भिजवून पोरीच्या मानेवर, काखेत ठेवला, पायांवरून पाणी ओतलं. स्वेरे टोपीनं वारा घालत होता आणि त्याच्या भाषेत काहीतरी पुटपुटत होता, बहुतेक देवाला. बार्बा दाराशी उभा होता. या वेळी वारा अडवत नव्हता. बाजूला सरकून, गाडीच्या पत्र्याला चिकटून, वाट देऊन उभा होता.

रूनानं डोळे उघडले. आजोबांकडे पाहिलं. आणि असं भोकाड पसरलं, की मागच्या सगळ्या गाड्यांतले लोक हसले. बार्बा रस्त्याच्या कडेला दगडावर बसला. गार दगड आहे की तापलेला, हेही त्यानं पाहिलं नाही.

ट्रोगिरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पोरीला तपासून सांगितलं, ऊन लागलं होतं, वेळेवर थंड केलंत, आता दूध-पाणी द्या आणि सावलीत ठेवा. हे मला स्वेरेनं सांगितलं. बार्बा आत गेलाच नाही. तो व्हॅनमध्ये चाकामागं बसून राहिला. समोर पूल, पुलापलीकडे जुनं गाव, मनोरा, होड्या. दरवेळी तो इथं तोंडाला फेस येईपर्यंत बोलतो. आज हात मांडीवर ठेवून बसला होता. पोर बरी आहे असं मी सांगितलं तेव्हा मान हलवली, पण रंग परत आला नाही.

"ती जाणार आता," तो म्हणाला. "उद्याच्या विमानानं. मी शब्द बोललो."

"बार्बा, शब्दाचं सोड. तू मोजे कोंबलेस."

"म्हणूनच म्हणतो."

नेवेना बाहेर आली. हातात ते दोन मोजे. मी उतरून दोन पावलं लांब गेलो, पण ऐकू येईल इतकाच.

"आईचे आहेत हे," ती म्हणाली.

"हो."

"तुला काय वाटलं, मी तिला मारायला घेऊन फिरतेय?"

"नाही गं. तू म्हणालीस, बोलायचं नाही. एरवी मी ओरडतो, तू ओरडतेस, खिडकी उघडी राहते. आज ओरडता येईना. मग भीती हातात उतरली." त्यानं आपले दोन्ही हात उलटे करून पाहिले, दुसऱ्या कोणाचे असावेत तसे. "तिकिटं बदलणार का?"

नेवेना रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही, चिडली. "मी तुझ्यावर अजून खूप चिडणार आहे, बाबा. आठवडाभर पुरेल एवढी. ते विमानात बसून कसं होणार? आणि ऐक. ओरडायचं असेल तर ओरड. सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरड. पण मला न सांगता एकही गोष्ट बंद करायची नाही. खिडकी नाही, दार नाही, काही नाही."

"बरं."

"बरं नाही. म्हण."

"न सांगता बंद करणार नाही."

परतताना ऊन उतरलं होतं, रस्ता मोकळा होता. सगळ्या काचा खाली होत्या. रूना ओल्या रुमालात गुंडाळलेली, आजोबांच्या डोक्यामागचे केस वाऱ्यानं उभे राहतात ते बघून हसत होती. बार्बाचा शर्ट अजून ओला होता, आणि त्याची मान हळूहळू डाव्या खांद्याकडे वाकायला लागली होती.

नेवेना मागून बघत होती. बघत राहिली. शेवटी तिच्यातली स्प्लिटची बाई तिला आवरली नाही.

"बाबा, घाम आलाय तुला. तुझ्या बाजूची काच लाव."

मी लाथ मारायला पाय उचलला, पण कोणाला मारायची ते कळेना.

बार्बानं बटणावर बोट ठेवलं. काच वर आली, आणि अगदी वरच्या कडेपाशी त्यानं थांबवली. बोटभर फट ठेवली.

"पूर्ण लाव की," ती म्हणाली.

"राहू दे," तो म्हणाला. आणि स्प्लिट येईपर्यंत, खांदा कानाला लावून, एक डोळा रस्त्यावर आणि एक त्या बोटभर फटीवर ठेवून त्यानं गाडी चालवली, जणू तिथून साप आत येणार होता.